खुनाच्या आरोपीचें वकीलपत्र

खुनाच्या आरोपीचें वकीलपत्र कोणीं घेऊं नये, असा ठराव एखादा वकीलसंघ करितो आणि सुशिक्षित मंडळी टाळ्या पिटतात! सर्वोच्च न्यायालयानें 2010 सालींच असे ठराव रद्दबातल ठरविले आहेत. पण नांवापुरता वकील देणें तरी काय निराळें? मध्य प्रदेशांत खांडव्यास 2013 सालीं एका बालिकेच्या खुनाचा खटला 13 दिवसांत आटोपला. आरोपनिश्चिती व बचावाच्या वकिलाची नेमणूक एकाच दिवशीं! शिक्षा अर्थातच फांशी. 2019 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द करून खटला नव्यानें चालवावयास लाविला. पुन्हां फांशी, पुन्हां फेरसुनावणी, आणि 2024 सालीं आरोपी निर्दोष सुटला. ह्यास कायद्याची पळवाट म्हणणारांस आम्ही विचारतों: त्या पोरीस मारिलें कोणीं, हें शोधावयाचीं अकरा वर्षें कोणीं दवडलीं? वकिलानें, कीं त्या तेरा दिवसांच्या घाईनें?