अर्ध्या शिवणाची परात

आमच्या हॉलमध्ये फ्रिज आणि बाल्कनीचं दार यांच्या मधोमध साडेतीन फूट भिंत आहे. त्या भिंतीशी गेली अकरा वर्षं माझं शिवणाचं मशीन उभं आहे. आत्ता त्याच्यावर लेकीचा लॅपटॉप आहे आणि शेजारी तिचा अर्धा प्यायलेला चहा. गणपतीत पाच दिवस तिथं मखर असतं, दिवाळीत फराळाचे डबे, आणि जेवायला चार माणसं जास्त आली की भाताचं पातेलं. राहिलेल्या वेळात मी त्यावर शिवते.

हे आज लिहायचं कारण म्हणजे भाचीचा फोन. वाकडला नवं घर, वन बीएचके, नवरा-बायको दोघांचंही ऑफिस घरातच. बाईसाहेबांनी हौसेनं इलेक्ट्रिक मशीन घेतलं आणि महिना झाला ते खोक्यातच आहे. "मावशी, ठेवू कुठं? व्हिडिओत दाखवतात त्या बायकांकडे शिवणाची अख्खी खोली असते गं. भिंतीवर रिळं रंगांप्रमाणे लावलेली, मधोमध मोठ्ठं टेबल..." मी म्हटलं, बाई, तेवढ्या खोलीत आमच्या चाळीतली दोन बिऱ्हाडं राहिली असती.

गिरगावात आमची खोली दहा बाय बाराची आणि माणसं सहा. आईचं पायमशीन गॅलरीकडच्या खिडकीला लावलेलं. झाकण बंद केलं की त्यावर भरतकामाचं कापड यायचं आणि कापडावर रेडिओ. दुपारी जेवणं आटपली की रेडिओ कपाटावर चढायचा आणि मशीनचं डोकं वर यायचं. चारला नळाला पाणी आलं की डोकं पुन्हा खाली. संध्याकाळी त्याच झाकणावर दादाचा अभ्यास. पाढे म्हणताना त्याचे पाय पावडी हलवत राहायचे, म्हणून उठताना आई चाकावरचा चामड्याचा पट्टा उतरवून ठेवायची. पट्टा उतरवणं म्हणजे आमच्याकडे दुकान बंद.

मशीन उषाचं होतं, भिशीच्या पैशांतून घेतलेलं. १९३०च्या दशकात ज्यांनी हे मशीन काढलं त्या बिशनदास बसील यांनी त्याला आपल्या मुलीचं नाव दिलं, हे मला फार उशिरा कळलं. आईला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं, तरी दोरा तुटायला लागला की ती म्हणायची, "आज उषाचं काहीतरी बिनसलंय." मग दोन थेंब तेल, चिंधीवर चार टिपा, की लेक माणसात यायची.

गांधीजींनी १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना शिवणयंत्राला सूट दिली होती. बायको हातानं शिवत बसते ते सिंगरला बघवलं नाही आणि प्रेमापोटी त्यानं हे यंत्र केलं, असं त्यांचं म्हणणं. सिंगरसाहेबांचं चरित्र जरा वेगळं आहे. त्यात एकाहून जास्त संसार आहेत, दोन डझन मुलं आहेत आणि पैशाची ओढही चांगलीच आहे. असो. माणूस चुकला असेल, वस्तू अचूक निवडली होती. चूल आणि पाळणा यांच्या मध्ये मावेल असं दुसरं यंत्र त्या काळी होतं तरी कुठलं?

तर भाचीला काय सांगितलं ते सांगते.

मशीनसमोर नुसतं बसून बघायचं. सुई डाव्या अंगाला, चाक उजव्या अंगाला. कापडाचा सगळा पसारा डावीकडे लोळतो आणि टीप सरकेल तसा मशीनच्या मागे उतरत जातो. म्हणजे उजवीकडे चाक फिरवायला हात जाईल एवढी जागा पुरे. डावीकडे मात्र मोकळं पाहिजे, आणि मागे निदान वीतभर. मशीन भिंतीला चिकटवलं की कापड भिंतीवर अडून तिथंच गोळा होतं, टीप वाकडी जाते आणि बोलणी मशीन खातं. मी हे पुस्तकात वाचलेलं नाही. डोंबिवलीच्या या घरात पहिली दोन वर्षं मशीन बेडरूमच्या कोपऱ्यात होतं, डावीकडे कपाट. पडदा शिवायला घेतला की निम्मा पडदा कपाटाच्या दारात अडकायचा. मग ते बंद बाल्कनीत नेलं. उजेड अगदी राजेशाही. पण उन्हाळ्यात फळीवरची सुती रिळं उन्हानं अशी मेली की दोरा नुसता ओढला तरी तुटायचा, आणि जुलैच्या तिरक्या पावसानंतर शेजारणीच्या पांढऱ्या पॉपलिनवर गंजाची रेघ उमटली. कापड भरून दिलं आणि मशीन हॉलमध्ये आणलं.

हॉलमध्ये उजेडाची पंचाईत. ट्यूब पाठीमागे, म्हणजे सुईवर आपल्याच डोक्याची सावली. लेकीचा अभ्यासाचा चिमट्याचा दिवा मी डाव्या बाजूनं लावला आणि प्रश्न मिटला. तरी काळ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं मी दिवस मावळल्यावर शिवत नाही. आमची आजी म्हणायची, रात्री सुई उसनी देऊ नये आणि रिकामी कात्री वाजवू नये, घरात भांडणं होतात. सुईचं मला पटतं. कंदिलाच्या उजेडात पडलेली सुई सकाळी कुणाच्या तरी पायालाच सापडत असणार. कात्री वाजवून भांडणं होतात का ते ठाऊक नाही. आमच्याकडे कापडाच्या कात्रीनं कुणी दुधाची पिशवी कापली की मात्र नक्की होतात.

बेतायला जागा हे खरं दुखणं. टीप मारायला दोन फूट पुरतात. कापड पसरायला पलंगाएवढी सपाट जागा लागते, आणि पलंग उपयोगाचा नाही, कारण गादी दबते आणि माप हलतं. फरशीवर बसून बेतण्याचे गुडघे माझ्याकडे आता नाहीत. उभ्यानं बेतायला घरातली सगळ्यात योग्य उंची स्वयंपाकाच्या ओट्याची. म्हणून मी एकदा ओटा पुसून लेकीच्या शाळेचा पांढरा शर्ट त्यावर बेतला. पुसलेल्या ओट्यावरही हळद असते, हे मला कापडानं सांगितलं. तेव्हापासून चार फूट बाय अडीच फुटांची प्लायवूडची फळी आहे, वरून सनमायका, मागे-पुढे कडेनं इंचांच्या खुणा केलेल्या. काम असेल तेव्हा ओट्यावर, नसेल तेव्हा दिवाणामागे उभी. पाहुणे आले की तीच दिवाणावर पडते आणि तिच्यावर पत्त्यांचा डाव रंगतो. अहोंचं म्हणणं, घरात खर्च केलेल्या पैशांत सगळ्यात वसूल झालेले पैसे या फळीचे. ते पत्त्यांविषयी बोलतात, मी ब्लाऊजांविषयी.

पण फळी, दिवा, भिंत हे सगळं जमूनही शिवण होत नाही. निदान माझं होत नव्हतं. दुपारी दोनला बसायचं, साडेतीनला उठायचं, आणि उठताना सगळं आवरायचं. दुसऱ्या दिवशी पिशवीतून तुकडे काढायचे, कुठली बाही डावी नि कुठली उजवी ते लावायचं, रीळ शोधायचं, त्यात वीस मिनिटं गेली की वाटायचं, जाऊ दे, उद्या बघू. अशी एक दिवाळी गेली.

आईला फोनवर हे रडगाणं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मशीनला कुठंही जागा होते गं. अर्धं शिवलेलं कुठं ठेवणार, ते आधी ठरव." आणि मला एकदम तिची परात दिसली.

पितळेची मोठी परात होती, कल्हई उडालेली, म्हणून कणकेतून बाद झालेली. ती खाटेखाली असायची. आईनं ब्लाऊज बेतला की त्याची पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, गळ्याच्या पट्ट्या असे सगळे तुकडे शिवायच्या क्रमानं त्या परातीत. सगळ्यात आधी लागणारा तुकडा सगळ्यात वर. बाजूला त्याच रंगाचं रीळ, भरलेली बॉबिन, कागदाच्या पुडीत हुक, आणि ज्या काकूंचा ब्लाऊज त्यांनी दिलेला मापाचा जुना ब्लाऊज तळाशी. उठायची वेळ झाली की सुई दोऱ्यासकट वरच्या तुकड्याला टोचून ठेवायची, परात पायानं खाटेखाली सरकवायची. नळाचं पाणी भरून, पोरांना खायला देऊन, मध्ये पाच मिनिटं सापडली तरी ती परात बाहेर ओढायची आणि एक बाही जोडून मोकळी व्हायची. सहा माणसांच्या खोलीत तिनं चाळीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज शिवले ते अशा पाच-पाच मिनिटांत. आम्हाला वाटायचं, आई बसलेली कधी दिसत नाही, मग हे शिवून कधी होतं?

माझ्याकडे परातीऐवजी बेकरीत असतात तसे ॲल्युमिनियमचे तीन ट्रे आहेत. दिवाणाखाली एकावर एक. एका ट्रेत एकच काम. चौथं काम बेतायचं नाही, आधी एक ट्रे रिकामा करायचा. नियम माझाच, मीच तो दोनदा मोडला. तिसऱ्या ट्रेमध्ये पुतणीच्या मुलीचं बारशाचं झबलं आहे. मुलगी यंदा पहिलीत गेली.

कापडांच्या साठवणीबद्दल मी कडक बोलणार आहे. आपल्या घरातली कपाटं कापडानं भरत नाहीत, ओटीच्या ब्लाऊजपिसांनी भरतात. जेमतेम ८० सेंटिमीटरचे, पोपटी, राणी, जांभळे. संक्रांतीला आले, चैत्रात गेले, श्रावणात आपलाच तुकडा दुसऱ्या गावाहून परत आला. ही पिसं शिवायची नसतात, फिरवायची असतात, त्यांची पिशवी देवघराजवळ ठेवावी. शिवणाच्या कपाटात वर्षभरात ज्याला कात्री लागेल तेवढंच कापड. आणि सुती कापड, विशेषतः अस्तर, घरी आल्या दिवशीच पाण्यातून काढायचं. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड आटत नाही, आणि ब्लाऊजला जागोजागी फुगे येतात. पाण्यातून काढलेलं कापड मी उलटं घडी घालते आणि कोरं सुलटं. कपाट उघडलं की विचारावं लागत नाही.

सुयांचं थोडक्यात. मलमल, शिफॉनला ११ नंबर, रोजच्या कापडाला १४, जीन्सला १६ किंवा १८. भाचीला वाटत होतं मशीनबरोबर आली ती सुई जन्मभर चालते. सुई बोथट झाली की टक्-टक् असा आवाज येतो, कापड भोसकल्यासारखा. तो ऐकू आला की बदलायची. पाच-सहा कपड्यांनंतर मी आवाजाची वाट बघत नाही. तुटलेल्या सुयांचे तुकडे औषधाच्या रिकाम्या बाटलीत, झाकण घट्ट. टाचण्या वेचायला जुन्या स्पीकरचं चुंबक, ते दोऱ्यानं बांधून खुर्चीला लटकवलंय. ज्या घरात रांगतं मूल आहे तिथं शिवून उठल्यावर हे चुंबक फरशीवरून फिरवलंच पाहिजे, यात सूट नाही. चुंबकाच्या कक्षेबाहेरचं आमचे अहो अनवाणी चालून शोधतात.

रात्री दहानंतर मशीन नाही. खालच्या मजल्यावर आजोबा आहेत, आणि मशीनच्या पायांखाली सतरंजीची दुहेरी घडी घातली तरी कंप खाली जातोच.

खंडेनवमीला लॅपटॉप उचलतो, मशीन पुसतो, हळदकुंकू आणि झेंडूची माळ. दोन वर्षांपासून लेक लॅपटॉपही शेजारी ठेवते पूजेला. दोघांना मिळून एकच माळ पुरते.

भाचीनं काल फोटो पाठवला. मशीन खिडकीशी, उजवी बाजू भिंतीला, डावीकडे मोकळं. ट्रे मात्र दिसला नाही. विचारलं तर म्हणाली, "मावशी, पिझ्झाचं खोकं आहे सध्या." चालेल. झाकण आहे, सपाट आहे, पलंगाखाली सरकतं.

आणि हो, हे पान वाचून झालं की रद्दीत टाकू नका. बाहीचा कागद कापायला बरोबर पुरतं. फक्त पांढऱ्या कापडावर ठेवू नका, शाई लागते.