दार उघडं कोणी ठेवलं?



मागच्या खेपेला आम्ही गुडघेदुखीवर लिहिलं होतं. या वेळी विषय निराळा, घरातल्या कॉम्प्युटरांचा. हसू नका! उभा जन्म आम्ही वॉर्डात औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या सांभाळल्या. कपाट लाकडाचं असो की कॉम्प्युटरमधलं, किल्ली कोणाकडे हा प्रश्न एकच.

आमची लेक ओमानमध्ये, मस्कतला राहते. हिवाळ्यात आम्ही दोन महिने तिच्याकडे जातो. लग्न होऊन ती तिकडे गेली तेव्हा आमच्या आईने आपली हाताने लिहिलेली वही तिला दिली होती. तीत चिक्याच्या हलव्याचं माप होतं, बाळंतिणीच्या औषधांची नावं होती, आणि घरातलं कोण कधी जन्मलं, कोण कधी वारलं, त्या तारखा होत्या.

जून 2007 मध्ये गोनू नावाचं चक्रीवादळ मस्कतवर आलं. लेकीचं बिऱ्हाड तेव्हा कुरुम भागात, तळमजल्यावर. ओमानात ‘वादी’ म्हणजे एरवी कोरडी असणारी नदी. आपल्या कोकणातली नारळी-पोफळीची वाडी नव्हे. त्या दिवशी वादीला पूर आला आणि पाणी घरात शिरलं. वही भिजली. लेकीने एकेक पान पंख्याखाली वाळवलं आणि त्याचे फोटो काढले. पण शाई पसरली होती, अर्धी अक्षरं लागेनात. पुढे मुंबईला आली तेव्हा तिने आजीला समोर बसवलं. आईने आठवून आठवून सारी वही बोलून दाखवली आणि लेकीने तो आवाज भरून घेतला. त्यानंतर दोन वर्षांनी आई गेली.

फोटो आणि आवाज, दोन्ही जावयाच्या मोठ्या कॉम्प्युटरवर ‘आजीची वही’ नावाच्या फोल्डरमध्ये होतं. घरात कॉम्प्युटर तीन, सगळे एकाच राउटरला जोडलेले. लेकीच्या लॅपटॉपवर आणि टीव्हीवरही फोटो दिसावेत म्हणून जावयाने तो फोल्डर सर्वांसाठी खुला ठेवला होता. पासवर्ड नाही, काही नाही. हवं त्याने पाहावं, हवं त्याने बदलावं.

गेल्या हिवाळ्यात धाकट्या नातवाला, वय अकरा, एक खेळ उतरवायचा होता. जागा नाही असं कॉम्प्युटर म्हणाला. पोराने आपल्या लॅपटॉपवरून दिसले ते जुने फोल्डर निवडले आणि पुसून टाकले. आपल्याच कॉम्प्युटरवरची फाइल पुसली की ती आधी ‘रिसायकल बिन’ म्हणजे कचऱ्याच्या डब्यात जाते, तिथून परत काढता येते. पण नेटवर्कवरून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरची पुसली तर ती सहसा डब्यात जात नाही, थेट नाहीशी होते. जावयाने दोन रात्री जागून खटपट केली. पानांचे फोटो आमच्या पर्समधल्या पेन ड्राइव्हवर होते, ते वाचले. आईचा आवाज मात्र गेला तो गेलाच.

पोरगं जेवेना. लेक त्याला रागे भरली. आम्ही म्हटलं, “थांब ग. वॉर्डात औषधाचं कपाट सताड उघडं राहिलं आणि एखाद्या पोराने गोळ्या खाल्ल्या, तर जाब कोणाला विचारतात? पोराला की सिस्टरला? दार उघडं कोणी ठेवलं?” जावई मान खाली घालून म्हणाला, “आई, मीच.” मग शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी सगळे बसलो आणि घर नीट लावलं. काय केलं ते सांगतो. तुमच्याकडे विंडोजचा कॉम्प्युटर असेल तर नातवंडांना शेजारी बसवून तुम्हीही करा.

पहिलं, राउटर. त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला. पाहुण्यांसाठी वेगळं ‘गेस्ट’ वायफाय चालू केलं. बहुतेक राउटरमध्ये ही सोय असते. पाहुण्याला इंटरनेट मिळतं, पण आपले कॉम्प्युटर दिसत नाहीत. दिवाणखान्यात बसवावं, कोठीघर दाखवू नये, तसंच हे.

दुसरं, कॉम्प्युटरला सांगितलं की हे घरचं नेटवर्क आहे, म्हणजे ‘प्रायव्हेट’. लॅपटॉप हॉटेलात किंवा विमानतळावर नेला की तिथे ‘पब्लिक’ निवडायचं, म्हणजे तो इतरांपासून लपून राहतो. ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ही चालू केलं.

तिसरं आणि मुख्य. मोठ्या कॉम्प्युटरवर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड केला. फोल्डरवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज, मग शेअरिंग, मग परमिशन्स. तिथे ‘एव्हरीवन’ म्हणजे ‘सगळे’ असं लिहिलेलं होतं, ते काढलं. लेक-जावयाला लिहिण्याची मुभा दिली, मुलांना नुसतं ‘रीड’. म्हणजे पाहता येतं, आपल्याकडे उतरवून घेता येतं, पण पुसता येत नाही. केसपेपर कोणी वाचावा आणि त्यावर कोणी लिहावं, याचे वॉर्डात नियम असतात, तसेच हे. मुलांना त्यांचा वेगळा फोल्डर दिला, त्यात वाटेल तो गोंधळ घाला!

चौथं, नवी प्रत. बाहेरच्या डिस्कवर सगळं उतरवायचं आणि डिस्क काढून ठेवायची. जोडलेलीच राहिली तर कॉम्प्युटरचं दुखणं तिलाही लागतं. दुसरी प्रत आम्ही आमच्या घरी आणली. ऑक्टोबर 2021 मध्ये शाहीन वादळ ओमानच्या बातिना किनाऱ्यावर आलंच होतं. एकाच घरात दोन प्रती ठेवल्या तर पूर दोन्ही नेतो.

आता कोणी म्हणेल, घरात एवढा बंदोबस्त कशाला? तर ऐका. 12 मे 2017 रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा किडा जगभर पसरला. तो विंडोजच्या फाइल वाटण्याच्या जुन्या पद्धतीतल्या एका भोकातून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जायचा, फाइलींना कुलूप ठोकायचा आणि खंडणी मागायचा. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या निदान 80 रुग्णालय-संस्थांना त्याची झळ लागली. सुमारे 19,000 भेटी रद्द झाल्या असा अंदाज निघाला. ज्यांनी वर्षानुवर्षं रुग्णांची रांग पाहिली आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ कळेल. आणि त्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं! म्हणून ‘अपडेट’ असं कॉम्प्युटर म्हणाला की ‘उद्या बघू’ म्हणू नका. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, हेही ध्यानात ठेवा.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी एक गोष्ट. शेजाऱ्याचं वायफाय उघडं दिसलं, त्याचा फोल्डर दिसला, तरी आत डोकावायचं नाही. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये परवानगीशिवाय शिरणं हा ओमानात 2011 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि इतर कितीतरी देशांतही आहे. दार उघडं आहे म्हणून घर आपलं होत नाही.

आणि आजी-आजोबांनो, आज रात्री घरच्यांना तीन प्रश्न विचारा. आपले जुने फोटो कोण पाहू शकतं? कोण पुसू शकतं? आणि दुसरी प्रत कुठे आहे? तिसऱ्या प्रश्नाला सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले, तर लगेच कामाला लागा.

निघायच्या आदल्या दिवशी नातू वहीच्या पानांचे फोटो घेऊन जवळ आला. “आजी, तू वाच. मी भरून घेतो.” आमचा आवाज काही आईसारखा नाही. काही अक्षरं आम्हालाही लागली नाहीत. पण हलव्याचं माप तोंडपाठ होतं, ते सांगितलं. त्याने ते दोन ठिकाणी ठेवलं, आणि डिस्क स्वतःच्या हाताने काढून कपाटात ठेवली.