हया म्हणजे गप्प बसणं नव्हे

माझ्या खाला बावन्न वर्षांच्या. पाळी जाऊन चार वर्षं झाली. लघवीच्या जळजळीवर वर्षभर गोळ्या घेत होत्या, पण जळजळ फिरून यायचीच. विचारलं की म्हणायच्या, "कुछ नै, उमर का तकाजा है." एका रात्री भांडी आवरताना हळूच बोलल्या. आतून कोरडं पडतं, आग होते, नवऱ्याजवळ जायची भीती वाटते. हे त्यांनी डॉक्टरांना कधीच सांगितलं नव्हतं.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. दोन्ही भाषांत या त्रासाला शब्द आहेत, आमच्या घरांत मात्र ते तोंडावर येत नाहीत. "खाली त्रास आहे" एवढ्यावर डॉक्टरांनी काय ओळखायचं?

पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं. योनीची आतली त्वचा पातळ होते, ओलावा कमी होतो, लघवीचा संसर्गही सहज होतो. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा काही वर्षांनी बहुधा ओसरतात. हा कोरडेपणा उपचाराविना सहसा जात नाही. उपचार मात्र साधे आहेत. संबंधाच्या वेळी पाण्यासारखी वंगण जेली. एरवी आठवड्यातून दोन-तीनदा योनीसाठीचं मॉइश्चरायझर. तेवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम. ते रक्तात फार थोडं उतरतं, गुण यायला काही आठवडे लागतात. रात्री लावायचं असतं, म्हणून रोजाचीही अडचण नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी सांगावं. पाळी गेल्यावर रक्ताचा एक डाग दिसला तरी लगेच दाखवावं.

आणखी एक. पाकीसाठी काही जणी साबणानं, डेटॉलनं आतपर्यंत धुतात. त्यानं आग वाढते. इस्तिंजाला साधं पाणी पुरतं.

न बोलण्याची किंमत मराठवाड्यानं पाहिली आहे. शेजारच्या बीडमध्ये २०१९ साली ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, त्यातल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या. त्यामागे गरिबी होती, बुडणारी मजुरी होती. पण अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं अशा तक्रारींवरही थेट पिशवी काढली गेली. सोबत अंडाशयंही काढली, तर हा कोरडेपणा तिशीतही सुरू होतो. ते त्या बायकांना आधी कोणी सांगितलं असेल?

आपल्याकडे हया मोठी मानतात, मीही मानते. पण अन्सारी बायका पैगंबरांना शरीराचे प्रश्न थेट विचारत, आणि हजरत आयेशांनी त्यासाठीच त्यांचं कौतुक केलं. मग घाटीच्या स्त्रीरोग विभागात केसपेपर काढून एक वाक्य बोलायला आपण का लाजावं?

ते वाक्य खालांनी माझ्यासमोर दोनदा म्हणून पाहिलं: "डॉक्टर, पाळी गेल्यापासून योनीत कोरडेपणा आहे आणि संबंधाच्या वेळी दुखतं." तिसऱ्यांदा त्या डॉक्टरांसमोर म्हणाल्या. यंदाच्या रमजानमध्ये तरावीहच्या मध्येच त्यांना उठावं लागलं नाही.