‘अंधाधुन’मधले डोळे आणि वीरमधले सहा तास

श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ ५ ऑक्टोबर २०१८ ला प्रदर्शित झाला. टीव्हीवर लागला की आजही लोक शेवटपर्यंत बसतात. गोष्ट पुण्यातली. आंधळेपणाचं सोंग घेतलेल्या आकाश या पियानोवादकाला एका घरात खून झालेला दिसतो. पुढे सिमी त्याला विष देते आणि सोंग खरं होतं. (ज्यांनी पाहिला नाही, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडावेत.)

मग डॉक्टर स्वामी जिवंत सिमीचेच अवयव काढायला निघतो. यकृत श्रीमंत गिऱ्हाइकाला, कॉर्निया आकाशला. थरार झकास, वैद्यक मात्र लंगडं. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, घड्याळाच्या काचेसारखा. काच धुरकटली तर बदलता येते. पण पोटात गेलेलं विष सहसा या काचेच्या वाटेला जात नाही. विषारी दारूतल्या मिथाइल अल्कोहोलचं शरीरात फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यामागच्या चेतातंतूवर घाला घालतं. तो तंतू मेला की बदलता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली शल्यविशारदांनी अख्खा डोळा बसवला. त्यात रक्त खेळलं, दृष्टी आली नाही. अशा विषाने आंधळ्या झालेल्या आकाशला सिमीचे कॉर्निया मिळून उपयोग काय?

शिवाय नेत्रदान मृत्यूनंतरच होतं, रक्तगट जुळवावा लागत नाही आणि अवयवांची खरेदी-विक्री १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही ‘डोळे काढून विकतात’ ही भीती अशा कथा पोसतात. एकट्या ‘अंधाधुन’चा हा दोष नाही, पण भीतीची किंमत भलतीकडेच मोजली जाते.

पुण्याहून वरंधा घाट उतरलं की महाड, आणि तिथून जवळच कोकण रेल्वेवरचं वीर. या भागात घरटी कुणीतरी मुंबईला. रात्री आजोबा गेले तर मुलगा येईपर्यंत मयत ठेवायची, ही रीत. ती योग्यच आहे. पण कॉर्निया मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत घ्यावा लागतो. मुलगा वीर स्टेशनवर उतरेपर्यंत ती मुदत टळलेली असू शकते.

खरं तर घरात हजर असलेल्या जवळच्या नातेवाइकाची लेखी संमती पुरते. आजोबांनी आधी फॉर्म भरलेला नसला तरी चालतो. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूचं ऑपरेशन आड येत नाही. काम पंधरा-वीस मिनिटांचं, चेहरा बिघडत नाही आणि दोन माणसांना दिसू लागू शकतं. पथक येईपर्यंत पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोकं उशीवर उंच घ्यायचं, पंखा बंद करायचा. इतकं शेजारच्या वहिनीही करू शकतात.

अडतं ते फोन कुणाला करायचा इथं. रात्री दोन वाजता इंटरनेटवर शोधत बसण्याची ती वेळ नसते. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा दरवर्षी पोस्टर-भाषणांत जातो. त्याऐवजी जवळच्या नेत्रपेढीचा नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर, आरोग्य केंद्राच्या दारावर आणि आशाताईंच्या मोबाईलमध्ये गेला तर बरं.