निवेदन : संगणक यंत्रणेची जबाबदारी एकाच करारात निश्चित करा

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
नागरी सहकारी बँक, मुख्य कार्यालय

विषय : संगणक देखभालीच्या सुट्या बाह्य कंत्राटांऐवजी मॅनेज्ड आयटी सेवेचा करार करणेबाबत.

संदर्भ : १) सेवक संघाची यापूर्वीची निवेदने
२) मागील वार्षिक सर्वसाधारण सभेतील आश्वासन

महोदय,

उपरोक्त विषयी संघ पुन्हा एकदा आपले लक्ष वेधत आहे. पहिल्या निवेदनावर ‘योग्य ती कार्यवाही करू’ असे उत्तर आले. पुढच्या निवेदनांची फक्त पोच मिळाली. सर्वसाधारण सभेत ‘दिवाळीपूर्वी नवा करार करतो’ असे व्यासपीठावरून जाहीर झाले. दिवाळी गेली, मार्चअखेरही गेली. करार जुनाच आहे.

आज हार्डवेअरची देखभाल एका एजन्सीकडे, लीज लाइन दुसरीकडे, कोअर बँकिंग तिसरीकडे आणि अँटिव्हायरस चौथीकडे आहे. शाखा बंद पडली की सॉफ्टवेअरवाला लाइनकडे बोट दाखवतो, लाइनवाला राउटरकडे आणि राउटरवाला सर्व्हरकडे. आपापल्या करारापुरते प्रत्येकाचे म्हणणे खरेही असते. शाखा चालू ठेवण्याची जबाबदारी मात्र कोणाच्याच करारात नाही.

याचा सर्वांत मोठा फटका पेन्शनच्या दिवशी बसतो. सकाळी काउंटर उघडताच स्क्रीन अडकते. एजन्सीला फोन केला की ‘कॉल लॉग झालाय’ एवढेच उत्तर मिळते. सत्तरी ओलांडलेले खातेदार पासबुक हातात धरून जिन्यापर्यंत रांगेत उभे असतात. बोलणी खातो तो रोखपाल. दुपार टळल्यावर इंजिनिअर येतो, स्विच बंद करून चालू करतो, कॉल रिपोर्टवर शाखाधिकाऱ्यांची सही घेतो आणि निघून जातो. बिघाड का झाला, हा रकाना कोराच राहतो. व्हिजिटचे बिल मात्र वेळेवर येते. पुढच्या महिन्यात तोच स्विच पुन्हा बंद पडतो. त्यानंतर रात्री उशिरापर्यंत थांबून डे-एंड उरकतो तो सेवक, एजन्सी नव्हे.

दोष व्यवस्थेतच आहे. कॉलवर चालणाऱ्या कंत्राटात बिघाड झाल्याशिवाय एजन्सीला पैसे मिळत नाहीत, त्यामुळे तो टाळण्यात तिला स्वारस्य नसते. मॅनेज्ड सेवेत दरमहा ठरावीक शुल्क असते. सर्व्हर, नेटवर्क, पॅच आणि बॅकअप यांवर चोवीस तास देखरेख असते. ठरलेल्या वेळेत यंत्रणा सुरू झाली नाही तर दंड कापला जातो. बिघाड कमी झाले तर फायदा पुरवठादाराचाही होतो. शुल्क जास्त पडेल, असे आम्हाला प्रत्येक वेळी सांगितले जाते. व्हिजिटची बिले, सुट्या भागांची खरेदी आणि ओव्हरटाइम वेगवेगळ्या शीर्षांखाली जातात. या सर्वांची बेरीज संचालक मंडळापुढे एकदा तरी ठेवावी आणि मगच तुलना करावी.

पुण्यातील कॉसमॉस बँकेवरील सायबर हल्ला ११ ऑगस्ट २०१८ रोजी, म्हणजे दुसऱ्या शनिवारी सुरू झाला. दोन टप्प्यांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. सुट्टीच्या दिवशी आपल्या यंत्रणेवर आज कोणाचेही लक्ष नसते. आपला बॅकअप तर सर्व्हरच्याच खोलीतील कपाटात आहे. तो रिस्टोअर होतो की नाही, हे कधी तपासलेले नाही.

मॅनेज्ड सेवेतही धोका आहे, हे आम्ही जाणतो. जुलै २०२४ मध्ये सी-एज या एकाच पुरवठादारावर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि त्याच्यावर विसंबलेल्या अनेक लहान सहकारी व ग्रामीण बँकांचे यूपीआयसह डिजिटल व्यवहार थांबले. म्हणूनच काम बाहेर दिले तरी त्यावर नजर ठेवणारे माणूस आपल्याच बँकेत असले पाहिजे.

मागण्या :

१) सर्व सुट्या कंत्राटांऐवजी एकच जबाबदार पुरवठादार नेमावा. करारात प्रतिसादाची आणि दुरुस्तीची वेळ वेगवेगळी नमूद करावी. दंड, पेन्शन व मार्चअखेरच्या दिवसांसाठी जादा व्यवस्था आणि प्रत्येक बिघाडाचा लेखी कारणमीमांसा अहवाल यांची अट असावी.

२) अ‍ॅडमिन पासवर्ड, डेटा व कॉन्फिगरेशन बँकेच्या ताब्यात राहावे. करार संपल्यास हस्तांतरणाची अट असावी.

३) बॅकअप दुसऱ्या ठिकाणी ठेवावा व दर तिमाहीस रिस्टोअर करून पाहावा.

४) आयटी विभागातील रिक्त जागा भराव्यात.

५) शाखांतील यूपीएसच्या बॅटऱ्या बदलाव्यात.

६) सेवकांना सायबर सुरक्षेचे प्रशिक्षण द्यावे.

‘योग्य ती कार्यवाही करू’ हे उत्तर यापूर्वी मिळालेले आहे, ते पुन्हा नको. येत्या सभेत हा विषय पटलावर घेऊन ठरावाची प्रत व निविदेची तारीख संघास लेखी कळवावी. तसे न झाल्यास सहकार खाते व रिझर्व्ह बँकेकडे दाद मागण्यावाचून आमच्यापुढे मार्ग उरणार नाही. ही वेळ आपण येऊ देऊ नये, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
सरचिटणीस, बँक सेवक संघ

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था