भुशीची भूक

भाऊबीज आटोपली, की पुण्या-मुंबईच्या कुटुंबांची पावले लोणावळ्याकडे वळतात. आणि लोणावळ्याला गेलेला माणूस भुशीला जाऊन आल्याखेरीज सहसा परतत नाही. १८६०च्या दशकात वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून रेल्वेने बांधलेले हे धरण आज इंजिनांची तहान भागवीत नाही, पण माणसांची भूक मात्र भलतीच वाढविते! दिवाळीत पायऱ्यांवरचे पाणी ओसरलेले असले, तरी भाजलेले कणीस, कांदाभजी, वडापाव आणि चिक्की यांना ओहोटी ठाऊक नाही.

अशा वेळी खरी पंचाईत होते ती घरातल्या मधुमेही मंडळींची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. तेव्हा भुशीला निघालेल्या पुष्कळशा कुटुंबांत "मला नको, तुम्ही खा" असे म्हणणारे एखादे काका किंवा मावशी असायच्याच. डॉक्टरांनी भात-पोळी कमी करायला सांगितलेली असते, आणि मंडळी भूक दाबून बसलेली असतात. या सोसण्याचे घरात कौतुकही होते. परंतु वाचकहो, भूक एकाच जातीची नसते. आणि ही जात ओळखण्यातच सारे शहाणपण आहे.

पहिली भूक साधी. ताटातला भात काढला आणि ती जागा रिकामीच ठेवली, तर दोन तासांत पोट ओरडणारच! त्या जागी उसळ, पनीर, अंडी, मासळी, दही, मूठभर शेंगदाणे आणि भरपूर पालेभाजी आली पाहिजे. प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि चोथा यांमुळे पोट सावकाश रिकामे होते व साखरही रक्तात हळूहळू उतरते. जेवताना आधी कोशिंबीर व भाजी, मग उसळ आणि शेवटी छोटी भाकरी किंवा घासभर इंद्रायणी भात, एवढा क्रम बदलला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. ज्यांचे मूत्रपिंड अधू आहे, त्यांनी मात्र प्रथिने वाढविण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

फराळाबाबतही एक गैरसमज दूर केला पाहिजे. "गोड नको, तिखट चालेल" असे म्हणून मधुमेह्याच्या बशीत चकली, चिवडा आणि शेव यांचा ढीग घातला जातो. पण भाजणी काय, पोहे काय आणि बेसन काय, पिष्ट सगळ्यांतच आहे. शिवाय तळणाचे तेल निराळेच. तिखट पदार्थ जिभेला गोड लागत नाही, एवढ्यावरून त्याची रक्तात साखर होत नाही असे थोडेच आहे?

दुसरी भूक मात्र निराळी. इन्शुलिन घेणारे, तसेच ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणारे लोक औषध नेहमीचेच ठेवून पिष्ट एकाएकी कमी करतात आणि वर चढणही चढतात, तेव्हा रक्तातली साखर घसरू शकते. मग अचानक वखवख सुटते, हात कापतात, घाम फुटतो, छातीत धडधडते; माणूस चिडचिडा होतो किंवा असंबद्ध बोलू लागतो. ही भूक दाबण्याची नव्हे! साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली असेल, किंवा मोजण्याचे यंत्र जवळ नसताना ही लक्षणे दिसत असतील, तर तत्काळ १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा ३-४ चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे, गरज पडल्यास पुन्हा तेवढीच द्यावी, आणि सावरल्यावर थोडे खायला द्यावे. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.

अशा प्रसंगी हाताशी असलेली चिक्की पुढे करण्याचा मोह होतो, तो आवरावा. तिच्यात गूळ आहे खरा, पण शेंगदाण्यातल्या तेलामुळे तो रक्तात उतरायला वेळ लागतो. म्हणजे साध्या भुकेला चिक्की जड, आणि या भुकेला ती संथ! तेव्हा सहलीच्या पिशवीत दोन पुड्या असाव्यात: एक भाजलेल्या शेंगदाण्यांची, पहिल्या भुकेसाठी, दुसरी ग्लुकोजची, दुसरीसाठी. कोणती पुडी कशासाठी, हे बरोबरच्या मुलांनाही सांगून ठेवावे.

आणि या सगळ्याआधी करायची गोष्ट म्हणजे, ताटातला भात कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून औषधाची मात्रा ठरवून घेणे. विशेषतः लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या ज्यांना चालू आहेत, त्यांनी पिष्ट अगदीच वर्ज्य केले, तर रक्तातली आम्ले वाढून जिवावर बेतू शकते. तेही साखर फारशी चढलेली नसताना!

भूक सोसण्यात पराक्रम नाही. तिची जात ओळखून तिला योग्य उत्तर देणे हेच खरे पथ्य. ज्या घरात हे सर्वांना ठाऊक आहे, तेथल्या काकांना सहलीला जाताना ना तोंड लपवावे लागेल, ना पोट आवळावे लागेल.