ज्याचा त्याचा षड्ज

हल्ली शांतता विकत मिळू लागली आहे. मोठ्या शहरांतून ‘ध्वनिस्नान’ नावाचा एक प्रकार निघाला आहे. सतरंजीवर आडवे व्हायचे, डोळे मिटायचे आणि कुणीतरी धातूचे वाडगे घुमवत आपल्या अवतीभवती फिरायचे. ज्यांना तेवढी सवड नाही त्यांच्यासाठी मोबाइलवर पावसाचा, समुद्राचा, झऱ्याचा आवाज आहे. वर्गणी भरली की पाऊस बारमाही! यात हसण्यासारखे काही नाही. माणसे थकली आहेत, त्यांची झोप उडाली आहे आणि घटकाभर विसावा देणाऱ्याला चार पैसे द्यायला ती तयार आहेत. त्या खोलीतून बाहेर पडणाऱ्याला बरे वाटत असणार, याविषयी मला शंका नाही. अंधार, पाठ टेकलेली आणि तासभर फोन बंद, एवढ्यानेही कुणाला बरे वाटेल. माझी तक्रार वेगळीच आहे. या सगळ्यात माणूस नुसता ऐकणारा उरला आहे. जे वाद्य जन्माबरोबर फुकट मिळाले, ते वाजवायचे असते हेच तो विसरत चालला आहे.

हे वाद्य म्हणजे अर्थातच आपला गळा. त्याचा आणि विश्रांतीचा संबंध काय, हे समजायला फार मोठे शास्त्र लागत नाही. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना संथ. आपण गातो, गुणगुणतो किंवा मोठ्याने वाचतो तेव्हा श्वास झटकन घेतो आणि सावकाश, पुरवून पुरवून सोडतो. म्हणजे नाडी संथ होण्याची वेळ आपोआप लांबते. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. २३ निरोगी माणसांना त्यांनी एकदा जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा एक बौद्ध मंत्र. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास येऊन स्थिरावली. एरवी ती याच्या दुपटीहून अधिक असते. रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणाही त्या वेळी अधिक सजग झालेली आढळली. प्रार्थना रोमची, मंत्र तिबेटचा. श्वासाचा हिशेब मात्र एकच. आपल्या वारकऱ्यांचा संथ चालीतला हरिपाठ ज्याने टाळ धरून म्हटला आहे, त्याला याचे नवल वाटणार नाही.

पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी नुसत्या गुणगुणण्याकडे लक्ष दिले. तोंड मिटून ‘म्‌ऽऽ’ असा नाद काढला, तर नाकावाटे बाहेर पडणाऱ्या हवेत नायट्रिक ऑक्साइड वायूचे प्रमाण शांत उच्छ्वासाच्या सुमारे पंधरापट होते. कंपनामुळे नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांतली हवा खेळती राहते, हे त्याचे कारण. हठयोगप्रदीपिकेत आठ कुंभकांमध्ये भुंग्यासारखा नाद करणारी भ्रामरी सांगितली आहे, तिची इथे आठवण होतेच. पण म्हणून ‘गुणगुणा आणि रोगमुक्त व्हा’ अशी पाटी लावायला कुणी धावू नये. प्रयोगात तसे म्हटलेले नाही. जेवढ्याचे व्हाउचर तेवढीच नोंद, ही बँकेत तीस वर्षे लागलेली सवय इथेही बरी.

हीच सवय असल्यामुळे आकड्यांची जादू सांगणाऱ्यांपुढे मी थबकतो. अमुक हर्ट्झचा नाद चिंता घालवतो, तमुक हर्ट्झचा झोप आणतो, ४३२ हा तर म्हणे विश्वाचाच स्वर! आपल्या संगीताने षड्ज कोणत्याही आकड्याच्या दावणीला बांधला नाही. कुणाची पट्टी काळी एक, कुणाची काळी पाच. गुरू आधी शिष्याचा गळा पाहतो आणि मग तंबोरा लावतो. दुसऱ्याच्या पट्टीत ओढून गायले की गळा बसतो, हे गाणे शिकणाऱ्या लहान मुलालाही ठाऊक असते. विश्रांतीचेही तसेच आहे. ज्याचा त्याचा षड्ज असतो आणि तो ज्याचा त्यालाच लावावा लागतो.

आपल्या घरांतून पूर्वी हा षड्ज दिवसातून अनेकदा लागे. पहाटे जात्यावर ओवी, पाळण्याशी अंगाई, दिवेलागणीला पोरांचा परवचा, रात्री आजोबांची पोथी. यातले जाते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढे धन तिथे का साठले असेल? पहाटेच्या अंधारात दळणे हे कष्टाचे काम होते. त्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. गावात पिठाची गिरणी आली आणि बायकांचे खांदे सुटले, हे चांगलेच झाले. पण माहेरची ओढ, नवऱ्याचे वागणे, लेकीची काळजी, हे सारे जिच्यापुढे बोलता येई अशी एकमेव सखी म्हणजे ते जाते होते. घरघरीच्या आडोशाने ती बाई मोकळी होई. गिरणीने पीठ दिले; तो आडोसा मात्र दिला नाही. तो पुढे कुणीच दिला नाही.

आवाजाची ही भूक मी काउंटरपलीकडूनही पाहिली आहे. संगणक यायच्या आधी लेजर जुळवताना एकजण आकडे मोठ्याने सांगे आणि दुसरा टिक करत जाई. त्या सांगण्याला आपोआप एक चाल लागे आणि संध्याकाळचा कंटाळा तेवढा हलका होई. पण खरी गोष्ट निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची. महिन्यात एकही नवी नोंद नसताना काहीजण आठवड्यातून दोनदा पासबुक भरून घ्यायला येत. एका गृहस्थांना एकदा मी म्हणालो, “काका, यात काही नवीन नाही, कशाला त्रास घेतला?” ते म्हणाले, “साहेब, सकाळपासून कोणाशी बोललो नव्हतो. आवाज आहे की गेला, ते बघायला आलो.” सगळे हसले, तेही हसले. पुढे पासबुक छापणारी यंत्रे आली. रांग संपली, काम झटपट झाले. यंत्र मात्र “बसा काका” म्हणत नाही.

आज आपल्या घरांची गत अशी, की आत कुणी बोलत नाही आणि बाहेर कुणी थांबत नाही. चार माणसे, चार पडदे आणि प्रत्येकाच्या कानात आपापले बोंडूक. बाहेर भोंगे, भिंती, डीजे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला मनाई आहे आणि सणासुदीला मध्यरात्रीपर्यंत सूट द्यायची तर राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस देता येते. डेसिबलचा हिशेब चक्रवाढ व्याजालाही लाजवणारा आहे: दर दहा डेसिबलमागे ध्वनीची तीव्रता दहापट. म्हणजे ५५ च्या जागी ९५ झाले, तर तीव्रता दहा हजारपट! अशा कल्लोळात अंगाई कोण ऐकणार? स्वतःचा आवाज ऐकू यायचा तर भोवती थोडी शांतता लागते आणि ती कुणा एकट्याला विकत घेता येत नाही. ती सगळ्या गल्लीने मिळून राखावी लागते. आपल्या मंडळाचा आवाज कमी करा, असे आपल्याच पोरांना सांगण्याचे धैर्य हीसुद्धा आरोग्याचीच बाब आहे.

आणि घरात काय करावे? मला सुचते ते अगदी साधे आहे. जेवणानंतर पंधरा मिनिटे टीव्ही बंद करून घरातल्या एकाने इतरांना मोठ्याने वाचून दाखवावे. पोथी वाचा, कादंबरी वाचा, नाहीतर वर्तमानपत्रातला आवडलेला लेख वाचा. मी लिहिलेले प्रत्येक पान मोठ्याने वाचतो. जिथे दम लागतो ते वाक्य लांबलेले असते, हे कागदाआधी छाती सांगते. वाचणाऱ्याचा श्वास संथ होतो आणि ऐकणाऱ्याला सोबत मिळते. नातवंडांना आजीकडून तिच्या आवाजात एखादी गोष्ट सांगून घ्या. रेकॉर्ड करा, पण समोर बसून. बाळ अंगाईत सूर तपासत नाही. नवजात बाळ इतर बायकांच्या आवाजापेक्षा आईचा आवाज पसंत करते, हे १९८० साली प्रयोगानेच दाखवून दिले आहे. तेव्हा “मला गाता येत नाही” ही सबब आईबापांनी तरी सांगू नये.

रक्तदाबाची गोळी याने सुटणार नाही आणि कुणी सोडूही नये. मन फारच खचले असेल तर डॉक्टरकडेच जावे. पण आपल्या माणसाचा आवाज कानावर पडणे आणि आपला आवाज कुणाच्या तरी कानावर पडणे, याला पर्यायी औषध अजून निघालेले नाही. आज रविवार आहे. गावी एकट्या राहणाऱ्या एखाद्या काकांना, आत्याला निरोप टाइप करून पाठवू नका. फोन लावा आणि बोला. त्यांना बोलू द्या.